साक्ष मध्येच तोडणाऱ्या शहाण्यास

हात खिशातून काढ आणि समोर बस. मोबाईल उपडा ठेव. रविवारी पाड्यावरच्या घरसभेत तू जो प्रताप केलास, त्यावर मी तिथं चकार शब्द काढला नाही. तुझी अब्रू राखायची म्हणून गप्प बसले असं समजू नकोस. त्या डोकरीनं पहाटे उठून सारवलेल्या ओट्यावर आणखी एक चढा आवाज नको, एवढंच मनात होतं. आज आपण दोघंच आहोत. तेव्हा ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. मध्ये बोलायची खोड तुला भलतीच जडली आहे.

ती डोकरी साक्ष द्यायला उभी राहिली तेव्हा तू वहीत काहीतरी खरडत होतास, म्हणून ती काय म्हणाली ते मीच पुन्हा सांगते. तिचा पोरगा खलाशी. पावसाळा सरत आला की आपल्या डहाणू-तलासरीतली पोरं टेम्पो भरभरून ओखा, पोरबंदर, वेरावळकडे जातात. उचल घरी देऊन जातात आणि ती फेडेपर्यंत बोटीवर राबतात. पाण्यावर कुंपण नसतं. बोट जरा पलीकडे गेली, किंवा गेली असं कुणाला वाटलं, की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती धरते आणि पोरं कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. हिचा पोरगा असाच गेला. भारत आणि पाकिस्तान वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला, एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. २००८ च्या करारात तसं ठरलंय. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सण असतात, त्या घरच्या कॅलेंडरात या दोनच तारखा होत्या. तिला अक्षर ओळखता येत नाही. ज्याला येतं त्याच्यापुढे जाऊन उभी राहायची आणि विचारायची, आमचं नाव आहे का रे त्यात?

रोज दिवाबत्तीच्या वेळी तिच्या पोटात गोळा यायचा. ती मागायची, रडायची, देवाशी भांडायची. एका संध्याकाळी ते भय गेलं. का गेलं, ते तिला सांगता आलं नाही. चिठ्ठी आली नव्हती, फोन आला नव्हता, पोराच्या सुटकेची काही बातमी नव्हती. एवढंच उमगलं की देवबाप पोराच्या सोबत त्या जेलात बसलेला आहे. त्या रात्री तिला झोप लागली. पोरगा वाघा सीमेवरून सुटून घरी आला तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी. नीट ऐकलं असतंस तर तुझ्या लक्षात आलं असतं, की तिची साक्ष पोरगा परत आल्याची नव्हतीच. तो आला नसता तरी तिनं तीच साक्ष दिली असती. काहींचे तर मृतदेहच परत आलेत, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि तू काय केलंस? बोट वर करून म्हणालास, “आजी, एक छोटीशी दुरुस्ती.” पिता दुःख भोगत नाही, पित्यानं देह धारण केला नाही, पिता आणि पुत्र यांची अशी गल्लत करण्याला मोडॅलिझम म्हणतात, तिसऱ्या शतकातच मंडळीनं ते मत टाकून दिलं. वर हसलासही, मोठ्या मनानं चूक पोटात घालणाऱ्या माणसासारखा. मागच्या दोन पोरी खिदळल्या. डोकरी म्हणाली, “चुकलं असल बाबा,” आणि पदर सावरून खाली बसली. त्यानंतर त्या सभेत एकही साक्ष झाली नाही. कोण उठणार? गाणं म्हणून सगळे घरी गेले, आणि तुला वाटलं आपण मंडळीला शिकवण दिली.

तुझं म्हणणं पुस्तकात चूक आहे का? नाही. तेवढ्यापुरते तुला गुण देते. पण ज्याच्या पुस्तकातून तो मुद्दा हत्यारासारखा तू उचललास, त्या माणसाची तरी पुरती ओळख करून घ्यायची होतीस. पित्यालाच क्रूसावर चढवणाऱ्यांची सगळ्यात झणझणीत खरडपट्टी काढली ती कार्थेजच्या टर्टुलियननं, प्रॅक्सियस नावाच्या गृहस्थाविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकात. त्रैक्याला लॅटिनमध्ये नाव रुळवून दिलं तेही यानंच. तुझ्या नोट्समध्ये एवढं असेल. पुढचं नसेल. हे पुस्तक लिहिलं तेव्हा टर्टुलियन मोंटानसच्या पंथाकडे झुकलेला होता, म्हणजे पवित्र आत्मा आजही साध्या माणसांशी, बायकांशीसुद्धा, थेट बोलतो असं मानणाऱ्यांकडे. प्रॅक्सियसवर त्याचा राग दुहेरी होता. एक राग तुला पाठ आहे. दुसरा हा, की या माणसानं आत्म्याचं बोलणं दडपायला लावलं.

त्याच टर्टुलियननं माणसाच्या आत्म्याविषयीच्या दुसऱ्या एका ग्रंथात आपल्या मंडळीतल्या एका बाईची हकीकत नोंदवली आहे. तिला उपासना चालू असताना दर्शनं होत. ते लोक काय करत? उपासना संपू देत. मंडळी पांगली की त्या बाईला विचारत, ती सांगे ते काळजीपूर्वक टिपून घेत, आणि मग पारखत. क्रम बघ: आधी ऐकणं, मग टिपणं, मग पारखणं. तू पारखण्यापासून सुरुवात केलीस आणि ऐकायचं राहूनच गेलं. आफ्रिकेतला तो करडा, भांडकुदळ वकिली डोक्याचा माणूस एका अनामिक बाईसाठी थांबू शकला. आशागडच्या संडे स्कूलमधून शिकून गेलेल्या तुला पाच मिनिटं थांबवलं नाही.

डोळे वर करून बघू नकोस. अजून पुष्कळ आहे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय मी तुला चौथीत पाठ करायला लावला होता. हन्ना शिलोच्या मंदिरात मूल मागत होती, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. एली याजक दारापाशी बसलेला. नियम, विधी, अर्पणं सगळं त्याच्या हाताखालचं. त्यानं बाईकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं की ही प्यायलेली आहे. धर्माचा सगळा कारभार ज्याच्या हातात, त्यालाच प्रार्थना ओळखता आली नाही. पण एलीचं एक मान्य करते. हन्नानं सांगितल्यावर त्यानं लगेच शब्द फिरवला, तिला आशीर्वाद देऊन पाठवलं. तू रविवारपासून आजपर्यंत त्या घराकडे फिरकला नाहीस.

आता तुझं नेहमीचं पालुपद येईल: “बाई, तुम्ही शिक्षणाच्या विरुद्ध आहात.” मी? जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्याशी उभं राहून ज्यांच्या घरात पाटीसुद्धा नव्हती त्यांना भागाकार शिकवला, ती मी? तू सेमिनरीत जावास म्हणून पत्र कुणी लिहिलं होतं? अडाणीपणाचं कौतुक माझ्यापाशी नाही. म्हणूनच तुला पंडिता रमाबाईंचं सांगते, कारण तुझ्या शिक्षणाचा तोरा त्यांच्यापुढे तरी गळून पडेल.

रमाबाईंइतकं डोकं या महाराष्ट्रात फार थोड्यांना मिळालं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, रानावनात आईकडून संस्कृत शिकली. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथं तिनं बाप्तिस्मा घेतला. तो कुणाच्या दबावाखाली नाही आणि भाबडेपणानं तर नाहीच. नीळकंठशास्त्री गोऱ्यांसारख्या दर्शनं कोळून प्यायलेल्या माणसाच्या लिखाणानं तिच्या बुद्धीची खात्री पटवली होती. हे गोरे काशीचे पंडित. मिशनऱ्यांचं खंडन करायला निघाले आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले, पण शंकांनी त्यांचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई गप्प बसल्या असंही नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी त्रैक्यावरून, ख्रिस्ताच्या देवत्वावरून पत्रांतून कडाक्याचं भांडण मांडलं. तू त्या वेळी तिथं असतास तर त्यांनाही छोटीशी दुरुस्ती सुचवली असतीस.

आणि याच रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत काय कबूल केलं? बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी आपल्याला कळलं, की हाती लागला होता तो ख्रिस्ती धर्म. ख्रिस्त लागलाच नव्हता. तोवर शारदा सदन उभं राहिलं होतं, अमेरिका पालथी घालून झाली होती, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या हालांवरचं पुस्तक जगभर गाजलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला त्यांच्यात काय उणं दिसलं असतं? विश्वास डोक्यात पक्का होता, हात दिवसरात्र सेवेत होते, आणि तरी ही बाई स्वतःला विचारते की मला तो भेटला आहे का. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन तेव्हा त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षं रीतसर पाळकपण करत होता. १८५१ साली व्यासपीठावरून उपदेश करता करता त्याच्याच शब्दांनी त्याला धरलं, आणि खालून कुणीतरी ओरडलं की अरे, पाळकाचंच परिवर्तन झालं! हसू आलं ना? ये, हसून घे. मला मात्र तुझ्या रविवारच्या प्रवचनांची आठवण होते, आणि खालून तसं ओरडायची संधी कुणाला कधी मिळालेली नाही.

पण मला खरं दाखवायचंय ते पुढचं. अनुभव आल्यावर रमाबाईंनी पुस्तकं मिटली का? टाळ्या वाजवत बसल्या का? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन झालं, शेकडो मुली रात्ररात्र प्रार्थना करत होत्या, ते सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि उतारवयात त्या बसल्या त्या हिब्रू आणि ग्रीकचे कोश उघडून. का, तर मराठी शास्त्राची भाषा संस्कृतानं जड झालेली, दुष्काळातून आणलेल्या त्यांच्या साध्या मुलींना ती पेलत नव्हती. अख्खं बायबल एकटीनं मुळातून मराठीत आणलं. मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. १९२१ साली एकुलती एक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या त्या काम हातावेगळं करून. त्यांच्या विद्वत्तेला शेवटी काम मिळालं ते एका निरक्षर बाईपर्यंत शब्द पोचवण्याचं. तुझ्या विद्वत्तेनं रविवारी एका निरक्षर बाईला गप्प केलं. दोन्हीकडे विद्वत्ताच आहे हं. तेव्हा मी शिक्षणाच्या विरुद्ध आहे हे पुन्हा माझ्या तोंडावर म्हणू नकोस.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात एक अख्खा समास पढतमूर्खावर खर्च केला आहे. नुसत्या मूर्खाची लक्षणं आधी सांगून झाली होती, तरी त्यांना वेगळा समास लिहावासा वाटला. वाचनालयात मिळेल. ख्रिस्ती माणसानं दासबोध कशाला वाचायचा असं विचारशील, तर नारायण वामन टिळकांना विचार. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं उघड सांगत असे. आणि त्यांच्या लक्ष्मीबाई? नवऱ्यानं एवढा शास्त्रार्थ केला म्हणून काही त्या हलल्या नाहीत. सोवळं कवटाळून बसल्या, चिडल्या, भांडल्या, आणि मग स्वतःच्या डोक्यानं विचार करून एके दिवशी जातिभेद हा माणसांनीच केलेला उद्योग आहे अशी त्यांची खात्री झाली. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी लिहिलं म्हणून आपल्याला हे कळलं. आपल्या डोकरीचं लिहून ठेवायला कोणी नाही. वही तुझ्या हातात होती, रविवारी.

तुझ्या मंडळीचा इतिहास तरी तुला माहीत आहे का? तू म्हणशील निकेयाची परिषद, ३२५. ती सगळ्यांचीच. मी डहाणूचं विचारतेय. इथं शुभवर्तमान घेऊन आले ते ब्रदरेन लोक. विल्बर स्टोव्हर, त्यांची बायको मेरी आणि बर्था रायन १८९४ साली हिंदुस्थानात उतरले, वलसाडला बस्तान मांडलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲडम आणि ॲलिस एबी डहाणूला आले. या ब्रदरेनांची मुळं जर्मनीत. १७०८ साली श्वार्झेनाऊ गावी एडर नदीत आठ माणसांनी एकमेकांना बुडवून बाप्तिस्मा दिला. पहिला बाप्तिस्मा कुणी दिला हे कधी उघड करायचं नाही असं त्यांनी ठरवलं, का तर उद्या कुणी त्याच्या नावानं पंथ काढू नये. तुला हे अवघडच वाटेल. तुझं नाव साध्या पत्रिकेत दुसऱ्या ओळीत गेलं की तू दोन दिवस फुगतोस.

आणि याहून महत्त्वाचं, या लोकांनी विश्वासांगीकार छापायला नकार दिला. नवा करार सोडून दुसरा मतांचा मसुदा नको, हा त्यांचा हट्ट. बेंजामिन फ्रँकलिननं आपल्या आत्मचरित्रात यांच्याच गोतातल्या, डंकर म्हणवणाऱ्या एका माणसाशी झालेलं बोलणं दिलंय. फ्रँकलिननं सुचवलं, तुमच्याबद्दल लोक वाट्टेल ते बोलतात, तर तुमची मतं एकदाची छापून टाका. तो म्हणाला, देव आम्हाला हळूहळू शिकवतो आहे; काल बरोबर वाटलेलं आज चूक ठरलंय; छापून बसलो तर तिथंच अडकू, आणि पुढची पिढी तर एक अक्षर हलवू देणार नाही. छापखाना चालवणाऱ्या फ्रँकलिनला हा नम्रपणा फार अजब वाटला. मला विश्वासांगीकार आवडतो, दर रविवारी मी तो मोठ्यानं म्हणते. पण हे लोक त्याच्याऐवजी काय करत होते? प्रीतिभोजनाच्या आधी एकमेकांचे पाय धूत. खरोखर, टॉवेल कमरेला बांधून, परातीत पाणी घेऊन, योहानाच्या तेराव्या अध्यायात लिहिलंय तसं. रविवारी त्या डोकरीच्या पायांकडे तुझं लक्ष गेलं होतं? टाचांच्या भेगांत भाताच्या खाचरातला चिखल वाळून बसलेला होता. ती लावणीहून थेट सभेला आली होती. ते पाय धुवायला सांगितले असते तर तू पित्याचं दुःख आणि पुत्राचं दुःख यांतला फरक कुठल्या पायापासून समजावला असतास?

पुढे १९७० साली ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली, आणि त्या विलीनीकरणावरून आपली माणसं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली. विश्वासांगीकार दोन्ही बाजूंना तोंडपाठ होता बरं का.

एक गोष्ट तुला आवडणार नाही तरी सांगते. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली. त्यामागे होत्या गोदावरी परुळेकर, आपल्या गोदूताई, लाल बावट्याच्या. देवाधर्माशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. शिकलेली वकील बाई. तिनं लोकांना मार्क्सच्या पोथ्या वाचून दाखवल्या असत्या तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. ती पाड्यांवर राहिली, झोपड्यांत जेवली, वेठीची आणि लग्नाच्या कर्जापायी राबणाऱ्या लग्नगड्यांची कर्मकहाणी तासन्‌तास ऐकली, मग बोलली. वेठ बंद झाली. देव न मानणाऱ्या बाईला जे जमलं, ते तीन वर्षं देवाचं शास्त्र शिकलेल्याला जमू नये?

आता तुझ्यापुरतं. याकोबाच्या पत्रातलं तुला ठाऊकच आहे, की देव एकच आहे असं भुतंही मानतात. त्यांचं ईश्वरविज्ञान चोख आहे. तुझ्याइतकं, कदाचित काकणभर सरस. फक्त ती मानतात आणि थरथर कापतात. तू मानतोस आणि तुला काहीच होत नाही. तुझी प्रार्थना मी लक्ष देऊन ऐकते. वाक्यरचना निर्दोष, विशेषणं जागच्या जागी, शेवटी त्रैक्याचं नाव अचूक क्रमानं. पण त्यात मागणं नसतं. देवाशी बोलतोयस की तोंडी परीक्षा घेणाऱ्याशी, ते मला अजून कळलेलं नाही. डोकरीच्या प्रार्थनेत व्याकरण नाही, पण त्यात एक माणूस असतो ज्याला आज रात्री काहीतरी हवंच आहे. तुला कधी असं काही हवं झालं आहे का? फी मिशननं भरली, पुस्तकं दात्यांनी दिली, खोली मिळाली, जेवण मिळालं. त्याबद्दल तुला दोष देत नाही. पण ज्या जागी उभं राहून ती बोलली, त्या जागेवर तू अजून गेलेला नाहीस. तिथली वाट तुला नकाशावर ठाऊक आहे एवढंच, आणि जो गेला नाही त्यानं तिथून आलेल्याला वाटेची दुरुस्ती सुचवायची नसते. निकदेमसुद्धा इस्राएलाचा गुरू होता. तो रात्री चोरून का होईना, येशूला विचारायला गेला.

तू जाण्यापूर्वी दुसरी बाजूही ऐकून ठेव, नाहीतर माझं अर्धंच बोलणं गावभर करशील. उद्या डोळे सुजवून येशील आणि म्हणशील, बाई, काल रात्री मला अनुभव आला. मला त्याचं काही वाटणार नाही. अनुभवाचीही घोकंपट्टी होते. दर अधिवेशनात त्याच माणसाची तीच साक्ष, त्याच वाक्यावर तोच हुंदका, माईकवाल्यालाही तो कधी येणार ते माहीत. चंगाईच्या मंडपात क्षयाच्या गोळ्या बंद करायला सांगणारे मी पाहिलेत. सिकलसेलच्या पोराला दवाखान्यात नेण्याऐवजी डोक्यावर हात ठेवून बसलेले पाहिलेत. पाटावर दाणे मांडून बघणारा भगत निदान माणूस ओळखीचा, पाड्यातलाच, रात्री-बेरात्री धावून येणारा; हे लोक वर्गणी घेऊन दुसऱ्या दिवशी गाडीनं निघून जातात. आपल्या डहाणूत याच विश्वासानं मिशनचा दवाखाना उभा केला, डॉ. बार्बरा निकींसारख्या बाया तिथं वर्षानुवर्षं बाळंतपणं करत राहिल्या. प्रार्थना आणि क्लोरोफॉर्म यांच्यात त्यांना भांडण दिसलं नाही. म्हणून पारखायला हवंच. अपुल्लोस शास्त्रात मुरलेला, बोलण्यात तरबेज, तरी त्याला अपुरं माहीत होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्लानं त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं. बाजूला घेऊन. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय. डोकरीच्या बोलण्यात काही सावरायचं होतंच, तर सभा झाल्यावर चुलीपाशी बसून तूही सावरू शकला असतास. मग कदाचित तिनं तुला विचारलं असतं, “बाबा, बाप लेकराच्या जेलात बसला तर त्याला दुखत नसल का?” याचं उत्तर तुझ्या नोट्समध्ये काय आहे ते मला ऐकायचंय. टर्टुलियनच्या नंतरही शहाणी माणसं त्या प्रश्नावर डोकं फोडत आली आहेत. तू ते दोन वाक्यांत मिटवलंस.

आणखी एक. आपल्याकडे ख्रिस्ती आदिवासीला चहाच्या टपरीवर, बसमध्ये, पोराच्या दाखल्यासाठी गेलं की टेबलापलीकडून एकच प्रश्न येतो: काय मिळालं रे तुला, तांदूळ की पैसे? तू निकेयापासून सुरुवात करशील. समोरचा दुसऱ्या मिनिटाला जांभई देईल आणि आपलंच खरं धरून निघून जाईल. डोकरीला विचारलं तर ती सांगेल की माझं भय गेलं. यावर कुणाला हुज्जत घालता येत नाही; खरं वाटलं तर वाटलं, नाहीतर नाही. त्या प्रश्नाला मंडळीकडे असलेलं सगळ्यात सरळ उत्तर तू चारचौघांत चुकीचं ठरवून बसवलंस.

झालं माझं. आता कामाचं ऐक. येत्या रविवारचं प्रवचन तुझ्याकडे होतं. पाळकांशी बोलून ते मी काढून घेतलं आहे. त्या दिवशी तू मागच्या बाकावर बसायचं, वही न आणता. उद्या संध्याकाळी डोकरीकडे जा. माफी माग, लांबण लावू नकोस, एका वाक्यात माग, आणि “पण” हा शब्द त्यात येऊ देऊ नकोस. ती चहा देईल, तो पी.

मग तिच्याच पाड्यात, विहिरीच्या खालच्या अंगाला एक घर आहे. त्या घरचा खलाशी अजून आलेला नाही. बायको लहान आहे, कडेवर पोर आहे, अर्ज कसा करायचा ते तिला ठाऊक नाही. तुझं इंग्रजी चांगलं आहे ना? जिल्हाधिकाऱ्यांना एक, मत्स्यव्यवसाय खात्याला एक आणि दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाला एक, असे तीन अर्ज लिही. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक मालकाकडून फोन करून काढ. तो दोनदा फोन उचलणार नाही, तिसऱ्यांदा उचलेल. आधार कार्डाची प्रत, बोट धरल्याची तारीख, सोबतच्या खलाशांची नावं जोड. पालघरला जाताना डोकरीला बरोबर ने, कारण कुठल्या खोलीत कोण बसतो आणि कुणाला आधी भेटायचं हे तिला पाठ आहे, तुला नाही. डहाणू रोडहून सकाळची लोकल पकडा, अकरानंतर पोचलात तर साहेब मीटिंगला गेलेले असतात. प्रत्येक अर्जाच्या पोचपावतीवर शिक्का मारून घ्यायचा, आणि झेरॉक्सचे पैसे तू द्यायचे.